कॅमशाफ्टचं ऑइल सील बदलायचंय? शाफ्टला जपा

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँक त्याला टायमिंग बेल्टने फिरवतो, आणि त्याच्या टोकाशी तेल अडवणारं गोल कडं म्हणजे हे सील. टायमिंग बेल्टच्या बाजूला तेल दिसलं की लगेच सीलवर जाऊ नका, व्हॉल्व्ह कव्हरचं गास्केट गेलं असेल तरी तेल तिथूनच खाली ओघळतं. सगळं पुसून कोरडं करा, रिंगरोडला एक चक्कर मारून या आणि बेल्टचं वरचं कव्हर उघडून बघा. कॅमच्या पुलीमागूनच ओल येत असेल तर मग सीलच.

बाबांची जुनी मारुती झेन गाडी आम्ही इंदूरातच एका गॅरेजवाल्याकडे दिली होती, त्याने पेचकस घालून सील उचकटलं, शाफ्टवर ओरखडा पडला आणि नवीन सील असून दोन महिन्यांत परत तेल. खूप वाईट वाटलं, म्हणून दुसऱ्यांदा मी स्वतःच केलं.

इंजिन गार असू द्या, बॅटरीची मायनस तार काढा. पहिला पिस्टन वर आणून टायमिंगच्या खुणा जुळवा, व्हाइटनरने अजून रेघा मारा, फोटो काढा, मग बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर ढिला करून बेल्ट उतरवा. आता क्रँक किंवा कॅम फिरवायचा नाही, बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात. पुलीचा बोल्ट काढताना पुली नीट धरून ठेवा, आणि आतली छोटी चावी किंवा पिन वाटीत ठेवा, हरवली तर दिवस वाया.

खरं काम आता. सीलच्या आत लोखंडी कडं असतं, त्यात 2 मिमीचं बारीक भोक पाडा, ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा म्हणजे कीस आत पडत नाही, आणि ड्रिल जास्त आत जाऊ नये म्हणून त्यावर टेप गुंडाळून खूण करा. त्यात छोटा स्क्रू फिरवून पकडीने सरळ बाहेर ओढा, शाफ्टला लोखंड लागता कामा नये. मग शाफ्टवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे चर पडलाय, अशा वेळी नवीन सील एखादा मिलीमीटर कमी आत बसवा म्हणजे लिप (सीलची शाफ्टला टेकणारी आतली कडा) कोऱ्या जागेवर येते.

स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. लिपला इंजिन ऑइलचं बोट लावा, पण टेफ्लॉनचं सील असेल तर कोरडंच बसवायचं. शाफ्टच्या खाचेवर पातळ प्लास्टिक गुंडाळा, नाहीतर लिप कापली जाते. सीलच्या बाहेरच्या मापाची पान्याची गोटी (सॉकेट) ठेवून चारी बाजूंनी हळूहळू ठोका, वाकडं गेलं तर परत नवीनच आणावं लागेल.

तेल प्यायलेला बेल्ट परत घालू नका. बेल्ट ताणून झाल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, तेवढ्यात कॅमचा एक फेरा होतो, आणि खुणा परत बरोबर समोर यायला हव्यात. मध्ये कडक अडलं तर जोर लावू नका, टायमिंग चुकलंय.

आणि इंजिनातला साठलेला गॅस बाहेर काढणारा ब्रीदरचा पाइप, पीसीव्ही व्हॉल्व्ह साफ करा. ते तुंबले की इंजिनात प्रेशर साठतं आणि कितीही चांगलं सील घातलं तरी तेल बाहेर येतं, आमच्या झेनमध्ये पाइप काळ्या चिखलाने अर्धा भरलेला निघाला.


दहा मिनिटं चालवून बंद करा, पुलीमागे कोरडा कागद लावून बघा, डाग नसेल तरच कव्हर बसवा.