हॅलिफॅक्सला नवीन आलात ना, मग एक शनिवार फक्त शहरासाठी ठेवा

इथे नवीन आलेल्या आपल्या मराठी मंडळींशी बोलताना एक गोष्ट नेहमी जाणवते. येऊन बरेच महिने झालेले असतात तरी त्यांचं हॅलिफॅक्स म्हणजे क्लेटन पार्क नाहीतर बेडफर्डचं अपार्टमेंट, बेअर्स लेकची मोठी दुकानं, ऑफिस किंवा कॉलेज, आणि मग म्हणतात की छोटं गाव आहे हो, बघण्यासारखं काही नाही. मला खरंच वाईट वाटतं. कारण कॅनडात इतकं जुनं आणि इतकं पायी फिरता येणारं शहर फार कमी ठिकाणी मिळेल, आणि हे शहर ज्याच्यामुळे झालं ते बंदर तर या सगळ्यात बघायचंच राहून जातं. म्हणून सांगते, भाडं, सिन नंबर म्हणजे नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक, बँक, फोन प्लॅन ही पहिली धावपळ आटोपली की लगेच एक दिवस काढा. गाडी नको, टूर बस नको, फक्त चांगले बूट.

आधी तयारीचं. जून ते ऑक्टोबर सगळ्यात बरं. शनिवार अशासाठी की त्या दिवशी फार्मर्स मार्केट असतं आणि गर्दीतही मजा येते. हवामानाचा अंदाज बघाच पण त्यावर फार विसंबू नका, इथे सकाळी धुकं, दुपारी लख्ख ऊन आणि चार वाजता बोचरा वारा हे एकाच दिवसात होतं, त्यामुळे जुलैतसुद्धा बॅगेत एक विंडचीटर हवाच. डाऊनटाऊनला पार्किंग शोधण्यात आणि त्याचे पैसे भरण्यात अर्धा मूड जातो, बसने या. डलहौसी किंवा सेंट मेरीज युनिव्हर्सिटीचे फुलटाइम स्टुडंट असाल तर फीमध्येच यू-पास असतो, त्यावर बस आणि फेरी दोन्ही चालतात, बऱ्याच मुलांना फेरीचं माहीतच नसतं. आणि मेन्यूवरच्या किमतीत टॅक्स धरलेला नसतो, नोव्हा स्कोशियात एप्रिल २०२५ पासून १४ टक्के एचएसटी आहे, वर टिप, म्हणजे बजेट करताना तसं धरा.

सुरुवात करा पब्लिक गार्डन्सपासून, स्प्रिंग गार्डन रोडच्या टोकाला. १८६७ सालची व्हिक्टोरियन पद्धतीची बाग आहे, मधोमध बँडस्टँड, आखीव वाफे, बदकं, आणि प्रवेश फुकट. गवतावर चालायचं नाही हे मुलांना आधीच सांगून ठेवा. इथे अर्धा तास पुरे, मग त्याच रस्त्याने खाली चालत सेंट्रल लायब्ररीत जा. २०१४ ला उघडलेली काचेची इमारत, एकावर एक तिरके ठेवलेले खोके असावेत तशी दिसते, सगळ्यात वरच्या मजल्यावरून बंदर आणि सिटाडेल हा टेकडीवरचा किल्ला दोन्ही दिसतं. आणि फक्त बघून बाहेर पडू नका, पत्त्याचा पुरावा बरोबर आणा आणि तिथल्या तिथे लायब्ररी कार्ड काढून घ्या, फुकट आहे. नवीन आलेल्यांसाठी इंग्रजी बोलण्याचे ग्रुप वगैरे पण असतात, थंडीत घरात कोंडल्यासारखं होतं तेव्हा या जागेची किंमत कळते, लहान मुलं असतील तर अजूनच.

साडेअकराच्या सुमाराला सिटाडेल हिल चढायला लागा. चढ म्हणजे काय, राजगड चढलेल्यांना ते टेकाड वाटेल, दहा मिनिटांचं काम. आत्ता दिसतो तो ताऱ्याच्या आकाराचा किल्ला १८२८ ते १८५६ असा बांधला गेला, याच टेकडीवरचा हा चौथा, आणि विशेष म्हणजे त्यावर कधीच हल्ला झाला नाही. रोज दुपारी बरोबर बाराला तोफ उडते, वर्षात फक्त ख्रिसमसच्या दिवशी नाही. तिकीट काढून आत गेलात तर जवळून बघता येतं, पण बाहेरच्या उतारावर उभं राहिलं तरी आवाज पोटात घुमतो, बाळ असेल तर कान झाका. एक सुचवते, बाराला पाच मिनिटं असताना घरी व्हिडिओ कॉल लावा. उन्हाळ्यात तेव्हा भारतात रात्रीचे साडेआठ असतात, थंडीत साडेनऊ, म्हणजे आईबाबा जेवून बसलेले असतात, त्यांना तोफ ऐकवा. आमच्या ओळखीतल्या आज्यांना हे फार आवडतं.

आता इथे एक गोष्ट आहे जी आपल्यालाच सगळ्यात जास्त लागू होते आणि कुठलाही गाईड आपणहून सांगत नाही. किल्ल्यात किल्ट घातलेले जे सैनिक दिसतात ते ७८ व्या हायलँडर्स रेजिमेंटचा वेश करून उभे असतात, ही पलटण १८६९ ते १८७१ मध्ये हॅलिफॅक्सला होती. आणि हीच पलटण २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या बाजूने, म्हणजे शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या विरुद्ध लढली होती. त्या लढाईबद्दल त्यांना हत्तीचं चित्र आणि असईचं नाव मानचिन्ह म्हणून मिळालं. मराठवाड्यातून इतक्या लांब आलेल्या माणसाला त्या पोरांच्या वेशाकडे बघून काय वाटेल ते ज्याचं त्याने ठरवावं, पण माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्याशी बोला, छान बोलतात, इतिहास विचारला की खुश होतात.

उतरताना ओल्ड टाऊन क्लॉकच्या बाजूने उतरा. राणी व्हिक्टोरियाचे वडील, प्रिन्स एडवर्ड, इथे सैन्याचे प्रमुख होते आणि वेळेच्या बाबतीत फार काटेकोर, त्यांनी हे घड्याळ करवून घेतलं. ते सुरू झालं २० ऑक्टोबर १८०३ ला, म्हणजे असईच्या लढाईनंतर महिनाभरही झाला नव्हता. फोटो सगळे इथेच काढतात, तुम्हीही काढा.

खाली ग्रँड परेड नावाच्या चौकाच्या एका टोकाला सेंट पॉल्स चर्च आहे, १७५० सालचं, शहरातली सगळ्यात जुनी इमारत. आर्गाइल स्ट्रीटच्या बाजूने वरच्या खिडक्या नीट बघा, एका काचेत माणसाच्या डोक्याची आकृती दिसते, १९१७ च्या स्फोटात काच तशी फुटली असं सांगतात, त्या स्फोटाबद्दल पुढे लिहिलंय. जवळच प्रॉव्हिन्स हाऊस आहे, कॅनडातली सगळ्यात जुनी विधानसभेची इमारत, १८१९ ची, वीकेंडला बाहेरूनच बघा.

शहराची सुरुवात म्हणून १७४९ साल सगळीकडे दिसेल, एडवर्ड कॉर्नवॉलिस नावाच्या गव्हर्नरने ब्रिटिशांची वसाहत केली ते साल. पण इथे मिकमाक लोक त्याआधी हजारो वर्षं राहत होते, ऑफिसात किंवा कॉलेजात प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्यांच्या भूमीचा उल्लेख होतो तो याचसाठी. या कॉर्नवॉलिसने मिकमाक लोकांना मारण्यावर इनाम लावलं होतं. त्याचा पुतळा स्टेशनजवळच्या पार्कमध्ये होता, २०१८ मध्ये शहराने तो काढला आणि नंतर पार्कचं नावही बदललं. हे वाद अजून संपलेले नाहीत, कलीग बोलत असतील तर आधी ऐकून घ्या, आपण बाहेरून आलोय म्हणून त्यातलं आपल्याला काही नको असं मात्र करू नका, आता राहणार आहोत ना इथे.

जेवणाचं नीट वाचा. हॅलिफॅक्सचा अधिकृत पदार्थ आहे डोनेर, २०१५ मध्ये सिटी कौन्सिलने तसं ठरवलं. पिटा ब्रेडमध्ये मसालेदार मांस आणि कंडेन्स्ड मिल्क, व्हिनेगर, लसूण यांचा गोडसर सॉस. ते मांस बीफ असतं, बोर्डावर लिहिलेलं नसलं तरी, त्यामुळे चालत नसेल त्यांनी आधी विचारा. पुटीनच्या ग्रेव्हीतही बहुतेक वेळा मांसाचा स्टॉक असतो, फ्राईज आणि चीज बघून शाकाहारी समजू नका, आणि चाउडर म्हणजे इथलं दाट सूप घ्यायचं असेल तर बेकन आहे का विचारा. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ, हॅडॉकचं फिश अँड चिप्स घ्या, मालवणी तिखटाची अपेक्षा ठेवू नका, मासा ताजा असतो हेच त्यातलं सुख. शाकाहारी असाल तर सरळ घरून पोळीभाजीचा रोल आणा, बोर्डवॉकवर बसायला भरपूर खुर्च्या आहेत, केशरी रंगाच्या झोळ्यासुद्धा टांगलेल्या असतात, कोणी काही म्हणत नाही. नंतर गोड म्हणून बीव्हरटेल, तळलेल्या पिठावर दालचिनी-साखर.

दुपारी मॅरिटाईम म्युझियम ऑफ द अटलांटिक. दिवसभरात एकच तिकीट काढायचं असेल तर हेच काढा. टायटॅनिकसाठी सगळे जातात, आणि ते बघाच, कारण १९१२ मध्ये जहाज बुडाल्यावर प्रेतं शोधायला बोटी इथूनच गेल्या होत्या आणि १५० जणांना याच शहरात पुरलंय, त्यातले १२१ फेअरव्ह्यू लॉन सिमेटरीत. म्युझियममध्ये एका तान्ह्या मुलाचे बूट आहेत. तो मुलगा कोण हे कित्येक दशकं कोणाला माहीत नव्हतं, थडग्यावर फक्त अनोळखी मूल असं लिहिलेलं, २००७ मध्ये डीएनएवरून कळलं की तो सिडनी गुडविन, दीड वर्षाचा, आईवडील आणि पाच भावंडांसकट इंग्लंडहून अमेरिकेत स्थायिक व्हायला निघालेला. आपणही सामान बांधून निघालेलीच माणसं, त्या काचेसमोर पाय अडतातच.

पण माझ्या मते खरा वेळ द्यायचा तो हॅलिफॅक्स स्फोटाच्या दालनाला. ६ डिसेंबर १९१७, पहिलं महायुद्ध चालू, बंदर जहाजांनी भरलेलं. बंदराच्या अरुंद भागात, ज्याला इथे नॅरोज म्हणतात, माँ-ब्लाँ नावाचं दारूगोळ्याने भरलेलं फ्रेंच जहाज आणि इमो नावाचं नॉर्वेचं जहाज यांची टक्कर झाली. आग लागली, धुराचे लोट बघायला लोक खिडक्यांशी आले, शाळेत जाणारी मुलं थांबली, जहाजात काय आहे हे बहुतेकांना माहीतच नव्हतं, आणि नऊ वाजून चार मिनिटांनी ते फुटलं. सुमारे दोन हजार माणसं गेली, नऊ हजारांच्या आसपास जखमी, खिडकीच्या काचा डोळ्यात जाऊन कितीतरी जण आंधळे झाले. अणुबॉम्बच्या आधी माणसाच्या हातून झालेला एवढा मोठा स्फोट दुसरा नव्हता. जहाजाच्या नांगराचा अर्ध्या टनाचा तुकडा तीन किलोमीटरपेक्षा लांब जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी वरून बर्फाचं वादळ. व्हिन्स कोलमन नावाचा रेल्वेतला डिस्पॅचर होता, त्याला धोका कळलेला, तो पळाला असता तर वाचला असता, पण येणारी पॅसेंजर ट्रेन थांबवा म्हणून तारेवर निरोप पाठवत बसला आणि तिथेच गेला. बॉस्टनहून त्याच रात्री डॉक्टर-नर्स घेऊन ट्रेन निघाली, त्याची आठवण म्हणून नोव्हा स्कोशिया आजही दरवर्षी बॉस्टनला एक मोठं ख्रिसमस ट्री पाठवतं. ६ डिसेंबरला इथल्या लोकांशी बोलताना हे माहीत असू द्या, खूप घरांमध्ये पणजी-पणजोबांची गोष्ट असते.

म्युझियममधून बाहेर पडलात की बोर्डवॉक, जवळजवळ चार किलोमीटर, पाण्याला लागून. दक्षिणेकडे चालत गेलात की सीपोर्टला फार्मर्स मार्केट, १७५० पासून चालत आलेली बाजाराची परंपरा आहे, पण दुपारपर्यंत आवरतं, भाज्या घ्यायच्या असतील तर दिवसाचा क्रम उलटा करून सकाळी आधी तिथे जा. तिथेच पिअर २१, कॅनडाचं इमिग्रेशन म्युझियम. १९२८ ते १९७१ मध्ये जवळजवळ दहा लाख लोक बोटीतून इथे उतरले. हे मात्र त्याच दिवशी कोंबू नका, वेगळा पावसाळी दिवस ठेवा, कारण घाईत वाचण्यासारखं ते नाहीच. नवीन पीआर म्हणजे पर्मनंट रेसिडेंट असाल तर कानू नावाचं ॲप डाऊनलोड करा, त्यावर देशभर बऱ्याच म्युझियमना फुकट प्रवेश मिळतो, तिकीट काढायच्या आधी यादी बघून घ्या.

संध्याकाळी फेरी. १७५२ पासून ही सर्व्हिस चालू आहे, उत्तर अमेरिकेतली खाऱ्या पाण्यावरची सगळ्यात जुनी. टुरिस्ट लोक महागड्या हार्बर टूरचं तिकीट काढतात, तुम्ही बसच्या भाड्यात बंदराच्या पलीकडच्या डार्टमाऊथला जा. वरच्या डेकवर उभे राहा, एका बाजूला मॅकडोनाल्ड ब्रिज, दुसरीकडे जॉर्जेस आयलंड आणि पलीकडे उघडा समुद्र. त्या बेटावर १७५५ नंतर अकेडियन, म्हणजे इथे आधीपासून वसलेल्या फ्रेंच लोकांना देशोधडीला लावताना कैदेत ठेवलं होतं, उन्हाळ्यात आता तिथेही बोट जाते. डार्टमाऊथच्या काठावर अर्धा तास बसा, सूर्य हॅलिफॅक्सच्या मागे मावळतो म्हणून शहर याच बाजूने सगळ्यात छान दिसतं. परतीच्या फेरीची वेळ आधी बघून ठेवा, वीकेंडचं टाइमटेबल वेगळं असतं.

जाता येता खिशातली दहा डॉलरची उभी नोट काढून बघा, तिच्यावरची व्हायोला डेसमंड ही कृष्णवर्णीय बाई इथलीच, आणि तिच्या मागे जो नकाशा छापलाय तो हॅलिफॅक्सच्या नॉर्थ एंडचा. १९४६ मध्ये थिएटरात गोऱ्यांसाठी राखलेल्या जागेवरून ती उठली नाही. नॉर्थ एंडलाच आफ्रिकव्हिल होतं, कृष्णवर्णीयांची अख्खी वस्ती शहराने साठच्या दशकात पाडली, माफी मागितली २०१० ला. तिथलं छोटं म्युझियम पुढच्या वेळेच्या यादीत टाका.

आईवडील व्हिजिटर व्हिसावर आले की हाच दिवस दोन भागात करा, टेकडीवर टॅक्सीने न्या आणि गुडघे दुखत असतील तर बोर्डवॉकचा तुकडाच फिरवा, फेरी मात्र चुकवू नका. डिसेंबर ते मार्च असेल तर बोर्डवॉकवर बर्फ घट्ट झालेला असतो, डिसेंबरात तर साडेचारलाच अंधारतं, तेव्हा लायब्ररी, तोफ आणि म्युझियम एवढंच करा.

आणि पेगीज कोव्ह हे लाइटहाऊसचं समुद्रकाठचं गाव याच दिवसात बसवता येईल का असं सगळे विचारतात. नका बसवू. एका बाजूला चाळीसेक किलोमीटर आहे, गाडी लागते, आणि घाईने जाऊन लाइटहाऊसचा फोटो काढून परत येण्यात काही अर्थ नाही, चार-पाच जण मिळून वेगळा दिवस काढा. गेलात की एकच गोष्ट पाळा, पाण्यालगतचे काळे ओले खडक दिसतात त्यावर पाय ठेवायचा नाही, समुद्र शांत वाटत असला तरी नाही, फोटोसाठी तर अजिबात नाही. अचानक मोठी लाट येते आणि तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. वरच्या कोरड्या पांढऱ्या खडकांवर बसा, तिथूनही सगळं दिसतं.