मुलांचा कॉम्प्युटर क्लब काढताय? या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका गल्लीत मी शाळेनंतरचा कॉम्प्युटर क्लब चालवते. दर मे महिन्यात कोणी ना कोणी येतं, "ताई, आम्हालाही असंच काहीतरी काढायचंय." जूनमध्ये त्यांची पाटी लागते आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर उतरलेली असते. कारणं दरवेळी तीच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलाच्या हातातून माउस घेणं. ही मी स्वतः केली आहे. मुलं स्क्रॅचवर शिकतात, त्यात टाइप न करता आज्ञांचे ठोकळे म्हणजे ब्लॉक जोडून प्रोग्राम बनतो. दुसऱ्या वर्षी पालकांना बोलावलं होतं. दहा मुलं, दहा स्क्रीनवर स्क्रॅचचं मांजर उड्या मारतंय, पालक खूश. चौथीतल्या एका मुलीचे बाबा कौतुकाने म्हणाले, "आता जरा आणखी उंच उडव बघू." ती स्क्रीनकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. 'वाय १० ने बदला' (वाय म्हणजे मांजर स्क्रीनवर किती वर-खाली आहे तो आकडा) या ब्लॉकमधल्या १० चे २० करायचे होते, आणि खाली येतानाच्या ब्लॉकमध्येही तेवढाच बदल. पण तिला कसं सुचणार? ते दोन्ही ब्लॉक मीच लावले होते. बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यापासून ती आली नाही.

मी असं का केलं, ते नंतर कळलं. उडालेलं मांजर खाली आणायला वाय उणे १० ने बदलावा लागतो, आणि ऋण संख्या शाळेत सहावीत येतात. चौथीची मुलं नेमकी तिथेच अडायची. तास संपत आलेला, खाली आया स्कूटर घेऊन उभ्या, म्हणून मी पटकन लावून द्यायची. आता स्क्रॅच उघडण्याआधी मुलांना जिन्यावर नेते. मधली पायरी शून्य, वर गेलं की अधिक, खाली आलं की उणे. मुलं चढतात, उतरतात, आकडे ओरडतात. अख्खा तास त्यात जातो, जाऊ दे. मग स्क्रीनवर मधोमध शून्य, वरची कड १८० आणि खालची उणे १८०, हे त्यांना आपोआप उमगतं.

शिकवताना माझे हात पाठीमागे असतात. बोट स्क्रीनपर्यंत जातं, माउसपर्यंत नाही. शेवटची दहा मिनिटं मुलं जागा बदलतात, शेजारच्याच्या कामात एक आकडा बिघडवतात आणि ज्याचं काम त्याने ती चूक शोधायची. हे ज्याला जमतं त्याला आलं असं मी मानते.

'एका महिन्यात पायथन' अशी पाटी लावू नका. पायथन ही टाइप करून लिहायची प्रोग्रामिंगची भाषा. तिसरीतल्या मुलाची बोटं अजून की-बोर्डवर अक्षरं शोधत असतात, त्यात एक कोलन राहिला की इंग्रजीत एरर. स्क्रॅच ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठीच बनवलेलं आहे, फुकट आहे, इंटरनेटशिवायही चालतं. त्याहून लहानांसाठी स्क्रॅच ज्युनियर. पालकांना घाई असते, मान्य. पण आपणही घाईच विकायला बसलो तर मुलाने कोणाकडे बघायचं?

सीपीयू जमिनीवर ठेवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा ओळखीच्या एका बाईंचा तळमजल्यावरचा क्लब बुडाला. सहाही सीपीयू टेबलाखाली होते. पाणी ओसरल्यावर दोन दिवस उन्हात ठेवून त्यांनी घाईने चालू केले, त्यात दोन जळले. भिजलेलं मशीन आधी कारागिराकडून उघडून, साफ करून घ्यायचं, तोवर प्लगला हात लावायचा नाही. मुलांचं वर्षभराचं कामही त्याच डिस्कवर होतं आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं. मी दर शनिवारी सगळं पेनड्राइव्हवर घेते आणि तो घरी नेते. फाइलला मुलाचं नाव आणि तारीख देते, नाहीतर 'स्क्रॅच प्रोजेक्ट (१)', '(२)', '(३)' यात कोणाचं काय ते कळत नाही.

एका मशीनवर दोन मुलं चालतात, दर पंधरा मिनिटांनी जागा बदलली तर. तीन कधीच नाहीत.

एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडू नका, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

नवरात्रात नवा विषय काढू नका, मुलं रात्री उशिरापर्यंत गरब्यात असतात. १४ आणि १५ जानेवारीला तर सुट्टीच द्या, उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, बडोद्यातलं मूल गच्ची सोडून येत नाही. या सुट्ट्या धरूनच फी जूनमध्ये सांगा, मागून वाद नको.

मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या. मुलाला न्यायला कोण येणार तेही नोंदवहीत लिहून ठेवा. त्या नावाशिवाय दुसरं कोणी दारात आलं, तर आईला फोन लागेपर्यंत मूल माझ्याजवळच बसतं, मग ते सख्खे काका का असेनात.