परदेशात जाताय? नुसते पावसाचे मिलिमीटर बघू नका

आपल्या सांगलीत वर्षाला साधारण ६०० मिमी पाऊस पडतो आणि लंडनलापण जवळपास तेवढाच, म्हणून पोराच्या बॅगेत इथला जाड रेनकोट कोंबू नका. आपल्याकडं बहुतेक पाऊस जून ते ऑक्टोबरात उरकतो, एकेक सर अशी येते की मार्केट यार्डात गुडघाभर पाणी, तिकडं मात्र बाराही महिने थोडी थोडी भुरभुर चालूच. त्यामुळं वर्षाच्या आकड्यासोबत पावसाचे दिवस किती आणि कुठल्या महिन्यात किती, हे दोन्ही बघाच. लंडनसाठी टोपीवालं हलकं वॉटरप्रूफ जॅकेट बेस्ट, रोज अंगावर राहतं. सिंगापूरला वर्षाला २००० मिमीच्या वर, तिथं छत्री पाहिजेच.