छंदाच्या सामानाचं दुकान: भाव कुठे तुटतो आणि कुठे टिकतो

कॅमेरे, गिटार, दुर्बिणी, मासेमारीची रिळं, मॉडेल रेल्वे. अशा सामानाच्या छोट्या दुकानात कामाला लागणारा किंवा स्वतःचं दुकान काढणारा माणूस बहुतेक वेळा त्या छंदातलाच असतो. माल त्याला तोंडपाठ असतो, अडतं ते भावापाशी. मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांचे भाव पाहून तो एक तर घाबरून सगळंच स्वस्त करतो, नाहीतर ‘आमच्याकडे सल्ला मिळतो’ म्हणत सगळंच चढ्या भावाने लावतो. दोन्ही आतबट्ट्याचं.

गिऱ्हाईक दुकानातली प्रत्येक वस्तू ताडून पाहत नाही. ज्या वस्तूला मॉडेल नंबर आहे, तेवढी पाहतं. कॅमेरा बॉडी, नावाजलेल्या कंपनीची गिटार, नवशिक्यांची दुर्बीण: नंबर फोनवर टाकला की दहा भाव समोर येतात. भांडवल जास्त अडकतं तेही याच वस्तूंत आणि मार्जिन सर्वांत पातळ असतं तेही इथेच. तारा, पट्टे, फिल्टर, आयपीस (दुर्बिणीचं डोळ्याकडचं भिंग), अडॅप्टर, रंग, गोंद, गळाची दोरी यांचे भाव सहसा कोणी चाळत बसत नाही. तिथे गिऱ्हाइकाचा प्रश्न ‘स्वस्त कुठे’ हा नसून ‘माझ्या मॉडेलला बसेल का’ हा असतो. म्हणून तुलनेत येणाऱ्या वस्तूंची वेगळी यादी करा. ती वाटते त्यापेक्षा छोटी निघते. बाजारभावावर रोज नजर ठेवायची ती फक्त या यादीवर.

आता हिशेब. मार्जिन खरेदीवर मोजायचं की विक्रीवर, यात नवखे हमखास गोंधळतात. १०० ला घेतलेली वस्तू १५० ला विकली तर खरेदीवर ५०%, पण विक्रीवर ३३.३%. दुकानाचं भाडं, पगार, वीज विक्रीतून जातात, तेव्हा विक्रीवरचाच आकडा धरा. तोही कर वजा करून. समजा कर २०% आहे आणि लेबलवर १२० लिहिलंय. त्यातले २० तुमचे नाहीतच. कर सोडून खरेदी ८० असेल तर १०० वर २० सुटतात. १२० मधून ८० वजा करून ४० सुटले म्हणणारा दुकानदार सूट देऊन देऊन गाळात जातो आणि गल्ला भरलेला दिसत असल्यामुळे त्याला ते कळतही नाही.

पातळ मार्जिनच्या वस्तूचं पोट एकदा फाडून बघाच. कर सोडून खरेदी १००, विक्री ११०. कार्डाचे २% म्हणजे २.२ गेले. पॅकिंग आणि विम्यासकट कुरिअरला ३ धरा. उरले ४.८. पन्नासातला एक नग परत आला आणि खोका उघडलेला म्हणून १५% कमी भावाने विकावा लागला, तर १६.५ चं नुकसान, शिवाय जाण्यायेण्याचा खर्च. नगामागे ते साधारण ०.४ पडतं. उरलेल्या ४.४ मधून भाडं आणि विकणाऱ्याचा अर्धा तास काढायचा आहे. अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या साइटवरून विकायचं तर त्यांचं कमिशन आणखी वेगळं. या वस्तू तिथे टाकूच नका.

कुरिअरचा भाव वजनावर ठरतो ही समजूतही महागात पडते. मोठं, हलकं खोकं असेल तर आकारमानाचं वजन लावतात. सेंटीमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून बहुधा ५,००० ने भागतात. गिटारचं ११० × ४५ × १५ चं खोकं आत कितीही हलकं असो, बिल १४.८५ किलोचं. दुर्बिणीच्या नळीचं १२० × ४० × ४० चं खोकं ३८.४ किलोचं. भागाकाराचा आकडा कंपनीगणिक बदलतो, तो करारात बघून घ्या. ‘घरपोच मोफत’ ही पाटी अशा मालावर लावण्याआधी हा गुणाकार करायचा.

सवलतीचं गणित काउंटरमागे लिहून चिकटवण्यासारखं आहे. ३०% मार्जिनच्या वस्तूवर १०% सूट दिली तर पूर्वीइतकाच नफा मिळायला ५०% जास्त नग विकावे लागतात. मार्जिन २०% असेल तर दुप्पट, १५% असेल तर तिप्पट. सूत्र सोपं आहे: आधीपेक्षा किती पट जास्तीचे नग विकायचे ते म्हणजे सूट भागिले (मार्जिन वजा सूट). छंदाच्या मालाचा खप सवलतीने तिप्पट होत नाही. शहरात दुर्बीण घेणारे असतात तेवढेच असतात. उलट ३०% मार्जिनवर भाव ५% वाढवला, तर साधारण १४% गिऱ्हाईक गमावूनही नफा तोच राहतो. तुलनेत न येणाऱ्या मालावर हे धाडस जरूर करावं. नवे लोक सहसा करत नाहीत.

नुसती टक्केवारीही फसवी. १०० चं भांडवल, नगामागे नफा १२, पण वर्षात आठ वेळा माल फिरतो: ९६ मिळाले. दुसऱ्या वस्तूवर नफा ६०, पण ती वर्षातून एकदाच विकली जाते: ६०. तिसरीवर ४०, आणि ती दोन वर्षं कपाटात: वर्षाला २०. हौशी दुकानदाराचं प्रेम बहुधा या तिसऱ्या वस्तूवर असतं. एखाददुसरी ठेवा, तिच्यामुळे दुकानाला वजन येतं. कपाटभर नको.

पुरवठादाराकडून येणारा दाब कमी लेखू नका. वर्षअखेरीचा स्लॅब हा नेहमीचा सापळा. ९०० ची खरेदी झालीय, १००० ला पोचलात तर सगळ्या खरेदीवर ३% परतावा, म्हणजे ३०. आणखी १०० चा माल उचलून ३० मिळतात, सौदा झकास वाटतो. पण पुरवठादार गळ्यात मारतो ते बदलू घातलेलं मॉडेल. ते पुढे खरेदीपेक्षा २५% कमी भावाने काढावं लागलं की हातात ५ उरतात आणि पैसा तोवर अडकलेला. स्लॅब गाठायचाच तर तारा, दोरी असा न जुना होणारा माल घ्या. तो स्लॅबमध्ये मोजतात का, हे आधी लेखी विचारा. कंपनीने भाव उतरवला तर न विकलेल्या मालावर फरकाची क्रेडिट नोट (तेवढी रक्कम पुढच्या बिलातून वळती करणारी चिठ्ठी) मिळेल का, किती दिवसांच्या खरेदीवर, हेही डीलर होतानाच ठरवून घ्यायचं. नंतर मागितली तर कोणी देत नाही.

‘या भावाखाली विकू नका’ असं कंपनीने बजावलं की छोट्या दुकानदाराला हायसं वाटतं. सांभाळून. ब्रिटनमध्ये स्पर्धा नियामकाने वाद्यांचे ऑनलाइन भाव असे बांधून ठेवल्याबद्दल २०१९ मध्ये कॅसिओला ३७ लाख पौंड आणि २०२० मध्ये फेंडरला ४५ लाख पौंड दंड केला. २०२० मध्येच वाद्यं विकणारं एक दुकानही दंडातून सुटलं नाही. अमेरिकेत २००७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून केंद्रीय कायद्याखाली हे प्रकरणागणिक तपासलं जातं. ‘शेजारच्याने भाव पाडलाय, त्याला समज द्या’ अशी ईमेल कंपनीला लिहिण्याआधी आपल्या देशातला नियम वकिलाकडून समजून घ्या.

आयात मालाला आणखी एक मेख असते. चलन घसरलं की जुन्या खरेदीवर भाव धरून विकू नका; तोच नग पुन्हा भरायला जे लागेल त्यावर धरा. नाहीतर माल विकून आलेल्या पैशात तेवढाच माल परत येत नाही.

गिऱ्हाईक फोनवरचा भाव दाखवतं तेव्हा चार गोष्टी बघा: मॉडेल तेच आहे का, माल खरोखर शिलकीत आहे का, विक्रेता अधिकृत आहे का, आणि कर व वाहतूक धरून घरात येईपर्यंत किंमत किती. अधिकृत साखळीबाहेरून आलेल्या मालावर बऱ्याचदा स्थानिक वॉरंटी नसते. ते टोमणा न मारता सांगा. चारही जुळले आणि तरी नफा उरत असेल तर भाव जुळवा. उरत नसेल तर फरकाएवढं सामान द्या. २० ला विकला जाणारा फिल्टर तुम्हाला ८ ला पडतो. गिऱ्हाइकाला २० मिळतात, तुमचे ८ जातात.

सेवेचा भाव मात्र मोफतमध्ये बुडवू नका. गिटारचा सेटअप म्हणजे ट्रस रॉड (मानेतली सळई), नटच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या वरच्या पट्टीच्या) खाचा, बाराव्या फ्रेटवरची (मानेवरच्या धातूच्या पट्टीवरची) तारांची उंची, इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर नेमका लागणं) हे सगळं जुळवणं. सरावलेल्या हाताला पाऊण ते एक तास. न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीचे आरसे जुळवायला पंधरा-वीस मिनिटं. नव्या खरेदीसोबत फुकट दिलंत तरी बिलावर दर छापा आणि सवलत त्याखाली दाखवा. बाहेरून घेतलेली वस्तू आणणाऱ्याकडून पूर्ण दर घ्या. तो कुरकुरत नाही; इंटरनेटवर सेटअप मिळत नाही हे त्याला माहीत असतं.

वापरलेल्या मालाला थेट तुलनेचा भाव नसतो, म्हणून इथे मार्जिन टिकतं. विकली जाईल ती किंमत १०० धरा. दुरुस्ती-सफाईचे ८, तीन महिन्यांच्या हमीसाठी ५, मार्जिन ३०. देणाऱ्याला रोख ५७ च्या वर जाऊ नका. दुकानातच खर्च करणार असेल तर ६३ पर्यंत परवडतं. घेताना कॅमेऱ्याचा शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा), भिंगातली बुरशी, गिटारच्या मानेचा बाक, रिळाचा ड्रॅग (दोरी ओढली जाताना लागणारा ब्रेक) देणाऱ्याच्या समोरच तपासा. सिरियल नंबर आणि ओळखपत्राची नोंद करून सही घ्या. भावावर गाडी अडली तर वस्तू कमिशनवर ठेवून घ्या, मुदत ९० दिवस, आणि दर ३० दिवसांनी भाव किती उतरवायचा ते पावतीवर आधीच लिहा.