फ्रीज थंड करत नाहीये? गॅस भरायला हो म्हणायच्या आधी या चुका टाळा

फ्रीज नीट थंड करत नाही म्हणून माणूस बोलावला की तो मागे वाकून बघायच्या आधीच "काकी, गॅस पती गयो छे" (म्हणजे गॅस संपलाय) म्हणून मोकळा होतो, आणि आपल्या बडोद्यात मे महिन्यात घरात आमरसाचे डबे, श्रीखंड, सुट्टीला आलेले पाहुणे असं सगळं एकदम असताना कोण वाद घालत बसणार, म्हणून आपणही भरून टाका म्हणतो. दर वेळी तो खोटंच सांगतो असं अजिबात नाही, कधी कधी खरंच गॅस गेलेला असतो. पण बऱ्याचदा घोळ आपल्याच वापरात असतो आणि तो फुकटात निस्तरता येतो.

आधी गॅसचंच बोलू. फ्रीजमधला गॅस म्हणजे स्वयंपाकाचा सिलिंडर नव्हे, तो वापरून संपत नाही. कंपनीत एकदा भरला की तोच गॅस बंद नळ्यांतून वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता नुसता गॅस भरला तर काही दिवस बर्फ जमेल आणि मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. म्हणून भरायचाच असेल तर लीक कुठे सापडलं, फिल्टर बदलणार का, व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा काढणार का आणि गॅस वजन करून भरणार का, एवढं तरी विचारा. "अंदाजे भरतो ना" म्हणाला तर दुसरा माणूस बघा. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तो बहुधा शंभर ग्रॅमच्या आतच लागतो पण पेट घेतो, कॉम्प्रेसरवर ज्वाळेचं चिन्ह असलेलं स्टिकर असतं ते एकदा बघून ठेवा. असा फ्रीज स्वयंपाकघरात शेगडीशेजारी ठेवून त्यावर वेल्डिंगचा बंब चालवणारा कारीगर अजिबात नको.

आणि साधी परीक्षा सांगू? फ्रीजरमध्ये बर्फ कडक जमतोय, आइस्क्रीम घट्ट आहे आणि फक्त खालचा कप्पा थंड नाही, तर गॅस संपलेला नाही. डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये थंडावा वरच तयार होतो आणि पंखा तो हवेबरोबर खाली ढकलतो. खालच्या भागात मागच्या भिंतीला ज्या जाळ्या किंवा फटी दिसतात ना, तिथून ती हवा येते. आपण काय करतो, नेमकं त्या जाळीसमोर इडलीच्या पिठाचं मोठं पातेलं नाहीतर लिलो चेवड्याची फुगलेली पिशवी टेकवून ठेवतो. मग जाळीला चिकटलेली काकडी गोठते आणि पुढचं दूध नासतं. मागे चार बोटं जागा सोडा, डब्यांच्या मध्ये थोडी फट राहू द्या, आणि एक पूर्ण दिवस वाट बघा, कारण फ्रीजला सावरायला तेवढा वेळ लागतो.

जागा केली तरी फरक पडला नाही तर फ्रीज रिकामा करून, स्विच बंद करून, दोन्ही दारं उघडी ठेवून एक अख्खा दिवस सोडा. खाली जुनं बेडशीट पसरा, पाणी येणार. चालू केल्यावर मस्त चालला आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, तर फ्रीजरच्या आतल्या मागच्या भिंतीआडच्या कॉइलवर (थंड नळ्यांवर) बर्फ साचून हवा अडतेय, म्हणजे तो बर्फ वितळवणारा डिफ्रॉस्ट हीटर, सेन्सर किंवा टायमर यांतलं काहीतरी गेलंय. हे मेकॅनिकला जसंच्या तसं सांगा, "बंद ठेवला की काही दिवस चालतो" हे एक वाक्य ऐकल्यावर चांगला माणूस गॅसचं नावही काढत नाही.

सुरी, स्क्रू ड्रायव्हर, उलथनं

सिंगल डोअरवाल्यांची सगळ्यात महागातली चूक हीच. फ्रीजरमध्ये बोटभर बर्फ साचला, मटारची पिशवी त्यात रुतून बसली आणि आपल्याला भाजी आत्ता करायचीय, मग सुरीचं टोक घालून टकटक सुरू. फ्रीजरच्या त्या पातळ पत्र्यातच गॅसच्या वाटा असतात, एक भोक पडलं की फुस्स आवाज येतो आणि मग मात्र गॅस खरोखर गेला. असा आवाज आलाच तर शेगडी पेटवू नका, लायटर नको, आसपासची बटणंही खटखट करू नका, खिडक्या-दारं उघडून थोडा वेळ बाहेर थांबा. आर-६००ए ला स्वयंपाकाच्या गॅससारखा वास नसतो, त्यामुळे वास नाही म्हणजे काही नाही असं धरून चालू नका.

खरं तर बर्फाचा थर अर्ध्या सेंटीमीटरच्या वर गेला की डिफ्रॉस्ट करायचा. नॉबच्या मधलं बटण रात्री दाबून झोपा, घाई असेल तर फ्रीज बंद करून फ्रीजरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवा, खाली फडकं घाला. जाड थर म्हणजे जास्त थंडावा हा गैरसमज आहे, बर्फाचा थर उलट थंडी अडवतो आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो.

नॉबचंही तेच. १ ते ७ हे आकडे डिग्री नाहीत, बहुतेक फ्रीजमध्ये आकडा मोठा तेवढी थंडी जास्त. काही जण "उन्हाळा आहे, ७ वर ठेव" म्हणून जूनमध्ये लावतात ते दिवाळीपर्यंत तसंच. खालचा कप्पा ४ डिग्रीच्या आसपास किंवा त्याखाली आणि फ्रीजर उणे १८ ला असला म्हणजे झालं. मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात छोटा थर्मामीटर रात्रभर ठेवून बघा, अंदाजापेक्षा ते बरं.

मागची गरमी जाणार कुठे?

पोळमधल्या (जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्लीतल्या) जुन्या घरांत काय, नवीन फ्लॅटमध्ये काय, फ्रीज भिंतीत कोनाडा करून घट्ट बसवायची फार हौस. वर डबे, बाजूला विणलेलं कव्हर, मागे भिंत. फ्रीज थंडी तयार करत नाही, आतली गरमी काढून बाहेर टाकतो, आणि बाहेर आधीच ४२-४३ डिग्री असताना ती टाकायला जागाच नसेल तर मशीन दिवसभर धापा टाकणार. मागे आणि बाजूला चार-सहा इंच, वरही मोकळं, पश्चिमेच्या उन्हापासून आणि शेगडीपासून लांब. मागे काळी जाळी असेल तर वर्षातून दोनदा प्लग काढून ब्रशने धूळ झाडा, दिवाळीच्या साफसफाईत धरून. नव्या फ्रीजमध्ये ही जाळी दिसत नाही, त्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात, म्हणून बाजू हाताला गरम लागली तर घाबरू नका, ते बरोबर आहे. त्याच गरम बाजूला लोक कपाट चिकटवतात, ते मात्र चूक.

खाली पाणी साठतंय

भाजीच्या ट्रेखाली पाणी, हा पावसाळ्यातला नेहमीचा प्रश्न. ट्रे बाहेर काढा आणि टॉर्च घेऊन मागच्या भिंतीच्या तळाशी बघा, एक पन्हळीसारखी खाच दिसेल आणि तिच्या मध्ये पेन्सिल जाईल एवढं भोक. आत कोथिंबिरीची काडी, मेथीचं वाळलेलं पान, कधी भाजीच्या जुडीचं रबर बँड अडकलेलं असतं आणि भोवती तो करडा बुळबुळीत गाळ. तार घालू नका, पाइप फाटतो. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा, सुई नको, कोमट पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून हळूहळू सोडा. पहिल्यांदा पाणी उलटं येईल, मग एकदम गुळुक करून खाली उतरेल आणि मागच्या ट्रेमध्ये टपटप ऐकू यायला लागेल. झालं काम.

तो मागचा ट्रे, कॉम्प्रेसरवर बसवलेला, बऱ्याच घरांत फ्रीज आल्यापासून कोणी बघितलेलाच नसतो. डेंग्यूचा एडिस डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, त्यामुळे पावसाळ्यात घरोघरी तपासणीला येणारे कर्मचारी कुंड्यांबरोबर फ्रीजचा ट्रेही बघतात. आठवड्यातून एकदा ओता, आतून घासून काढा, नुसतं ओतून अंडी जात नाहीत, ती कडांना चिकटून राहतात.

दाराचं रबरही याच दिवशी बघून घ्या. दहाची नोट दारात अर्धी ठेवून दार लावा आणि ओढा, सहज निसटली तर तिथून थंडी गळतेय. बहुतेक वेळा रबर खराब नसतं, खालच्या घड्यांमध्ये सांडलेला रस आणि पिठाचा कचरा चिकटलेला असतो, साबणाच्या कोमट पाण्याने जुन्या टूथब्रशने काढा. वाकडं झालं असेल तर हेअर ड्रायरने लांबून गरम करून हाताने सरळ करता येतं.

लाईट गेली की

साधा कॉम्प्रेसर बंद पडल्यावर लगेच चालू करायचा नसतो, नळ्यांतला दाब बरोबरीला यायला तीन ते पाच मिनिटं लागतात. लाईट येते-जाते-येते असं चाललं की प्लग काढा, किंवा टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर लावा. इन्व्हर्टर फ्रीजला (ज्याच्या कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होतो तो, घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे) स्टॅबिलायझर लागतोच असं नाही, मॅन्युअलमध्ये व्होल्टेजची रेंज दिलेली असते ती बघा. दर काही मिनिटांनी टक, हुंऽऽ, टक असा आवाज येऊन बंद होत असेल तर कॉम्प्रेसर सुरूच होऊ शकत नाहीये, व्होल्टेज कमी असेल नाहीतर रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग) किंवा ओव्हरलोड (तो तापला की बंद करणारा भाग) गेलेला असेल, हे भाग कॉम्प्रेसरच्या मानाने अगदी स्वस्त आहेत. पाणी वाहिल्यासारखा, तडकल्यासारखा आवाज मात्र नॉर्मल. हँडलला झिणझिण लागत असेल तर चपला घालून हात लावायचा हा उपाय नाही हो, अर्थिंग तपासून घ्या, तोवर मेन बंद करून प्लग काढून ठेवा. आणि एकाच एक्स्टेंशन बोर्डवर फ्रीज, मिक्सर, मायक्रोवेव्ह नको, फ्रीजला भिंतीतला स्वतःचा सॉकेट.

दार उघडलं नाही तर खालचं सामान साधारण चार तास टिकतं, भरलेला फ्रीजर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास. उघडून उघडून "अजून थंड आहे का" बघणारे घरोघरी असतात, त्यांना आवरा. वर्षभराचा केसर आंब्याचा रस फ्रीजरमध्ये ठेवून गावाला जाणाऱ्यांसाठी एक युक्ती आहे. वाटीत पाणी गोठवा, वर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि जा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, मग तो रस कितीही पिवळाधमक दिसला तरी टाकायचा. जीव तुटतो, पण टाकायचा.

खाण्याचं थोडक्यात. दूध दारात नको, दार ही सगळ्यात गरम जागा, तिथे लोणची-सॉस-पाणी. उरलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवून सकाळी फोडणी देणं बंद करा, बॅसिलस सिरियस या जंतूचं विष एकदा तयार झालं की परतून जात नाही. शिजलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं, आपल्या उन्हाळ्यात तर एका तासात. गरम पातेलं तसंच ढकलू नका, उथळ भांड्यांत पसरा, पंख्याखाली वाफ जाऊ द्या आणि ठेवा. बटाटे-कांदे बाहेरच बरे. इन्सुलिन घरात असेल तर २ ते ८ डिग्री, म्हणजे मधला कप्पा, डब्यात, मागच्या भिंतीला न टेकवता, एकदा गोठलं की ते वापरायचं नाही.

पुराचं वेगळं लिहावंच लागेल. २०१९ ची ३१ जुलै आणि २०२४ चा ऑगस्ट ज्यांनी विश्वामित्रीकाठच्या सोसायट्यांत काढलाय त्यांना माहिती आहे, लोक रस्त्यातल्या मगरींचे व्हिडिओ बघत होते आणि इथे तळमजल्यावर फ्रीज तरंगत होते. कॉम्प्रेसर, रिले, वायरी सगळं खालीच असतं, त्यामुळे गुडघाभर पाणीसुद्धा पुरेसं आहे. वरून कोरडा दिसतो म्हणून प्लग लावून बघायचा मोह होतो, अजिबात लावू नका, आधी मेकॅनिकला खालचा भाग उघडून वाळवू दे, तपासू दे. पाणी आत शिरलं असेल तर आतलं खाणं टाका, झाकण लावलेले डबेसुद्धा, कारण गटाराचं पाणी कुठूनही झिरपतं. अख्खा बुडाला असेल तर भिंतींमधल्या फोममध्ये ते पाणी मुरतं आणि वास काही केल्या जात नाही, तिथे दुरुस्तीवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

वाचलेला फ्रीज वरच्या मजल्यावर नेताना उभाच न्या. आडवा करावाच लागला तर नेऊन उभा केल्यावर काही तास तसाच ठेवा, कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरू दे, मग चालू करा. आणि गेलेला फ्रीज भंगारवाला येईपर्यंत जिन्याखाली ठेवणार असाल तर दार काढून ठेवा, लपाछपी खेळणारी पोरं आत शिरतात आणि आतून दार उघडत नाही.