जुनी खुर्ची आधी उलटी करा, मग भाव विचारा

स्टूल, बाक, वेताची खुर्ची, आरामखुर्ची किंवा पायाखाली घ्यायचं ठेंगणं स्टूल, काहीही जुनं घेताना त्यावर बसून बघायच्या आधी ते उलटं करा. पॉलिश वरून मारतात, खालच्या बाजूला सहसा कोणी हात लावत नाही. तिथलं लाकूड सुकं, निस्तेज आणि कमीअधिक काळवंडलेलं असायला हवं, करवतीच्या किंवा रंध्याच्या खुणाही दिसायला हव्यात. खालूनही सगळं सारखंच गडद तपकिरी असेल तर जुनेपणा बाटलीतून आलाय असं समजा.

मग झीज बघा. खुर्चीच्या पुढच्या दोन पायांमधली आडवी पट्टी टाचा टेकून झिजते, आणि तीही मध्यभागी आणि वेडीवाकडी. मागची पट्टी तेवढीच झिजलेली दिसली तर ते कानसेचं काम आहे, कारण मागे कोणी टाचा टेकत नाही. पायांच्या तळाच्या कडा गोलसर झालेल्या असाव्यात. चांदणीच्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकानंतर रुळले, त्याआधीच्या वस्तूत एकाच सरळ खाचेचे स्क्रू असतात. पण एका चांदणी स्क्रूवरून वस्तू बाद करू नका, नंतरची दुरुस्ती असू शकते. किडीच्या भोकात बारीक तार घालून बघा. किडा वाकडातिकडा पोखरतो, त्यामुळे तार लवकर अडते. ती सरळ आत गेली तर भोक ड्रिलचं आहे.

लाकूड ओळखायला खालच्या बाजूला नखाएवढी जागा ब्लेडने खरवडा. सागवान आत सोनेरी-तपकिरी निघतं, हाताला किंचित तेलकट लागतं आणि त्याला कातड्यासारखा वास येतो. शिसव त्याहून बरंच जड आणि जांभळट-काळसर असतं. खरवडल्यावर आत पांढरट लाकूड आणि वर नुसता रंग दिसला तर आंबा किंवा तसलंच काही आहे. विदर्भात बिजाही सापडतो. त्याचा कपचा पाण्यात ठेवला की पाण्यावर निळसर झाक येते.

नागपुरात असा माल महाल-इतवारीतले वाडे पाडताना निघतो, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या बंगल्यांतून निघतो आणि कार्यालयांच्या निर्लेखित सामानाच्या लिलावातून येतो. लकडगंजच्या बाजूलाही विचारून बघावं. पॉलिशवाल्याच्या हातात जायच्या आधी वस्तू गाठली तर पैसे वाचतात आणि खोटं लपत नाही. सरकारी आणि रेल्वेच्या सामानावर रंगाने आद्याक्षरं आणि नंबर टाकायची पद्धत होती. ‘बीएनआर’ म्हणजे १८८७ साली स्थापन झालेली बंगाल नागपूर रेल्वे. १९५२ साली ती पूर्व रेल्वेत विलीन झाली, त्यामुळे हे अक्षर खरं असेल तर काळाची कड मिळते. मात्र अक्षर रंगवायला पाच मिनिटं पुरतात. रंगाखाली मळ अडकलेला दिसला तर अक्षर नंतरचं आहे. ‘चंडीगढ खुर्ची’ (१९५०च्या दशकात चंडीगढच्या सरकारी कार्यालयांसाठी घडवलेली) म्हणून जे दाखवतात त्यातलं बहुतेक अलीकडे घडवलेलं असतं. आवडलं तर खुशाल घ्या, पण भाव नव्या खुर्चीचा द्या.

आता सांधे. एक हात पाठीवर, एक बैठकीवर ठेवून खुर्ची तिरकी ढकला. सगळे सांधे ढिले असतील तर घाबरायचं कारण नाही, कारण जुना सरस (जनावरांच्या हाडा-कातड्याचा डिंक) सुकून सुटलेला असतो आणि ते काम सोपं आहे. भीती असते ती एखाद्याने सांध्यात ठोकलेल्या खिळ्याची. खिळ्यामुळे खाचेच्या कडेने उभी चीर जाते आणि मग तो पायच बदलावा लागतो. पायाचा तळ उधईने खाल्ला असेल तर टोचणीने दाबून बघा. दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत मऊ असेल तर तेवढं कापून जोड देता येतो, त्याहून वर गेलं असेल तर वस्तू सोडा.

ढिले सांधे जोडताना आधी प्रत्येक तुकड्यावर चिकटपट्टीने नंबर टाका. लाकडी हातोडीखाली कापड धरून सांधे उघडा. न सुटणाऱ्या सांध्यात ओला गरम फडका दहा मिनिटं दाबून ठेवला की सरस मऊ होतो. जुना सरस पटाशीने पूर्ण खरवडा, कारण त्याच्यावर फेविकॉल धरत नाही. कूस (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) खाचेत खुळखुळत असेल तर सागवानाची पातळ चिलपी लावून ती घट्ट करा. फेविकॉलने ती फट भरायचा प्रयत्न करू नका. आधी कोरडं जोडून दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे हवेत. मगच सरस किंवा फेविकॉल लावा, चारही पायांभोवती दोरी गुंडाळून मध्ये काठी घालून पीळ द्या, आणि सपाट फरशीवर उभी करून २४ तास हात लावू नका. फेविकॉल मजबूत धरतो, पण पुढच्या वेळी सांधा सहज सुटत नाही. दुर्मिळ वस्तूला म्हणून सरसच बरा.

वेत तुटला असेल तर मधलं ठिगळ टिकत नाही, पूर्ण विणावं लागतं. चौकटीभोवती भोकं असतील तर ती हाताने विणलेली बैठक. भोकांऐवजी खाच आणि त्यात दाबलेली पट्टी असेल तर तिथे तयार विणलेली जाळी बसते, हे काम स्वस्तात होतं. हाताच्या विणीत आधी उभा पदर, त्यावर आडवा, मग पहिल्याशेजारी दुसरा उभा, त्यानंतर दुसरा आडवा विणत न्यायचा, आणि शेवटी दोन तिरके. सहा पदर झाले की अष्टकोनी डोळे दिसतात. मग काठाची पट्टी बांधायची. वेत १५-२० मिनिटं कोमट पाण्यात भिजवा. जास्त भिजला तर काळपट होतो, कमी भिजला तर वळताना तुटतो. विणताना फार ताणू नका, सुकल्यावर तो आपोआप आवळतो. कारागिराला भाव विचारताना भोकं मोजून सांगा. तो प्लास्टिकचा वेत लावत नाही ना, हेही बघा. खऱ्या वेताची एकच बाजू चकाकते आणि मधूनमधून पेराची खूण दिसते.

गादीच्या स्टूलमध्ये जुना काथ्या किंवा कापूस चांगला असेल तर पिंजून परत वापरता येतो. पिवळा पडून भुगा होणारा फोम फेका. खालचे पट्टे सैल असतील तर नवार घट्ट ताणून उभी-आडवी विणा.

पॉलिश कसलं आहे ते स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने लपलेल्या जागी तपासा. चिकट झालं तर लाखेचं आहे. ते खरवडून काढायची गरज क्वचितच पडते. मळ पुसून वर लाखेचा पातळ हात दिला की पुरतं. हे काम पावसाळ्यात करू नका, दमट हवेत लाख पांढुरकी पडते. दिवाळीनंतरचे महिने सगळ्यात चांगले. नुसत्या लाकडाला जवसाचं तेल चालतं, पण ते अगदी पातळ लावून अर्ध्या तासाने पुसा. पुसलेले फडके चुरगळून ठेवू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते पाण्यात बुडवून टाका किंवा दोरीवर पसरून वाळवा.

भोकातून ताजं पीठ पडत असेल तर कीड जिवंत आहे. पॉलिश उतरवलेल्या छोट्या स्टूलला नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) कामी येतो. सुती चादरीत गुंडाळून वरून काळं प्लास्टिक हवाबंद चिकटवा आणि गच्चीवर लाकडी फळीवर ठेवा. आत थर्मामीटर असू द्या. लाकूड ५५ अंशांवर काही तास राहिलं की अळ्या मरतात. प्लास्टिक बंद असल्यामुळे ओल आतच राहते आणि लाकूड तडकत नाही. पॉलिश असलेली वस्तू यात घालू नका, लाख मऊ होऊन चादर चिकटते.

घरात कुठे ठेवायचं हे ठरवताना नागपुरात मोठा शत्रू म्हणजे कूलर. त्याच्या झोताची ओली हवा थेट वेतावर आली की बुरशी धरते, आणि एका बाजूने फुगलेलं लाकूड कूलर बंद झाल्यावर तिथेच तडकतं. झोतापासून बाजूला, भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा आणि पायांखाली रबराचे तुकडे द्या, म्हणजे फरशी पुसताना तळ पाणी पिणार नाहीत.

पायाखालचं स्टूल खुर्चीच्या बैठकीपेक्षा दोन ते पाच सेंटिमीटर कमी उंच हवं, बरोबरीचं चालेल, पण उंच नको. बैठक साधारण ४५ सेंटिमीटर असते, म्हणून मापाची टेप खिशात ठेवा. जुना चौरंग मात्र या कामाला घेऊ नका. सत्यनारायणाला वापरलेल्या चौरंगावर पाय ठेवलेला घरातल्या म्हातारीला चालणार नाही, आणि तिचं बरोबरच आहे. तो झाडाची कुंडी किंवा दिवा ठेवायला वापरा.

वस्तू खरोखर शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला भेट द्यायची तर आधी हे बघा.