छोट्या ऑफिससाठी, होमलॅबसाठी वायर्ड राउटर घेताय? आधी या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात मी एक चांगला चालता राउटर काढून टाकला, कारण ३०० एमबीपीएसचा प्लॅन असून स्पीड ९४ च्या पुढे सरकतच नव्हता. नवा आणला, तासभर बसून पीपीपीओई (प्रोव्हायडरचं युजर-पासवर्डवालं लॉगिन), डीएचसीपी (प्रत्येक मशीनला आपोआप आयपी वाटणारी सोय), फायरवॉल सगळं लावलं, स्पीडटेस्ट मारली तर परत ९४. आता हा आकडा बघूनच मला कळायला पाहिजे होतं, नेटवर्किंग कळतं म्हणून मीच लोकांना सल्ले देत फिरतो! १०० एमबीपीएसच्या लिंकवर हेडर वगैरेचा खर्च वजा जाता टीसीपीच्या हाती साधारण ९४ च पडतात, म्हणजे कुठलातरी एक पोर्ट गिगाबिट सोडून फास्ट इथरनेटवर बसलाय. निघाली ओएनटीपासून (म्हणजे फायबर येऊन लागते तो प्रोव्हायडरचा डबा) राउटरपर्यंतची जेमतेम चार मीटरची वायर. लाईन टाकायला आलेल्या पोराने क्रिंप करताना आठपैकी चारच तारा नीट बसवल्या होत्या. गिगाबिटला आठही लागतात, १०० ला चारात भागतं, म्हणून नेट चालत होतं आणि मी राउटरला शिव्या देत होतो. नाशिकच्या एमजी रोडवरून तयार पॅच कॉर्ड आणली, पाच मिनिटात प्रश्न मिटला, आणि जुना राउटर तोवर भाच्याला देऊन झाला होता.

तेव्हापासून कोणी "दादा, कुठला राउटर घेऊ" म्हणून फोन केला की मी आधी विचारतो की आत्ता नेमकं काय अडतंय ते सांग. निम्म्या वेळा राउटर बदलायची गरजच नसते. ओएनटीला लॅपटॉप थेट वायरने लावा, वायफाय बंद करा आणि स्पीड बघा. तिथेच कमी येत असेल तर राउटरवर पैसे घालू नका. तिथे बरोबर येतोय आणि राउटरच्या मागे पडतोय, तर राउटरच्या स्टेटस पेजवर प्रत्येक पोर्ट कितीवर लिंक झालाय ते बघा. १०० दिसलं की वायर बदला. आणि वायर घेताना सीसीए, म्हणजे वरून तांबं आणि आत अॅल्युमिनियम असली स्वस्तातली रीळ घेऊ नका, विशेषतः त्याच वायरवरून पीओईने (म्हणजे डेटाच्या वायरमधूनच वीज देऊन) कॅमेरा किंवा अॅक्सेस पॉइंट चालवायचा असेल तर. अॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स जास्त, लांब अंतरावर व्होल्टेज पडतं, वायर तापते, आणि रात्री आयआर (अंधारात बघायचा इन्फ्रारेड दिवा) चालू झाला की कॅमेरा रीस्टार्ट होत बसतो, मग लोक म्हणतात कॅमेराच खराब.

बरं, आता खरंच राउटर घ्यायचाच आहे असं धरू. सगळ्यात मोठी चूक म्हणजे खोक्यावर गिगाबिट लिहिलंय म्हणून घेणे. ते पोर्टबद्दल लिहिलेलं असतं. आतला प्रोसेसर नॅट (एका आयपीमागे सगळी मशीन चालवणं), फायरवॉल, पीपीपीओई आणि त्यावर तुम्ही लावलेलं बाकीचं सगळं करून किती ढकलतो ही वेगळी गोष्ट आहे. या हातभर पण नसलेल्या डब्यांमध्ये प्रोसेसर लहानच असतो आणि ते गिगाबिट गाठतात ते शॉर्टकटने. उदाहरणाला युबिक्विटीचा एजराउटर एक्स घ्या, त्यात हार्डवेअर नॅट ऑफलोड (नॅटचं ओझं प्रोसेसरवरून काढायची सोय) आहे पण तो डिफॉल्टला बंद असतो, आपणच चालू करावा लागतो, आणि हे माहीत नसल्याने कित्येकांनी तो स्लो आहे म्हणून विकून टाकला असेल. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये फास्टट्रॅक नावाचा प्रकार आहे, एकदा कनेक्शन जमलं की पुढची पॅकेट्स फायरवॉल आणि क्यूला (स्पीडवर मर्यादा घालणाऱ्या रांगेला) वळसा घालून जातात. छान. पण मग तुम्ही सिंपल क्यू लावून एखाद्या पीसीला २० एमबीपीएसवर बांधता आणि तो पठ्ठ्या सुसाट डाऊनलोड करतोय, कारण त्याचं ट्रॅफिक क्यूपर्यंत पोचतच नाही. फास्टट्रॅक काढलं की क्यू चालते पण प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो. दोन्ही एकदम हवं असेल तर मोठा प्रोसेसर लागतो.

म्हणून स्पेक शीट वाचताना टेस्ट रिझल्टचं टेबल बघा आणि त्यात १५१८ बाइटच्या पॅकेटवर, काहीही रूल न लावता आलेला आकडा सोडून द्या. ५१२ बाइट आणि पंचवीस फिल्टर रूलवाला आकडा असतो मायक्रोटिकच्या पानावर, तो तुमच्या ऑफिसच्या जास्त जवळचा. व्हीपीएनचं, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडायच्या सोयीचं, तसंच. मायक्रोटिकच्याच हेक्स राउटरच्या आरबी७५०जीआर३ मॉडेलमध्ये आयपीसेकला हार्डवेअरची मदत आहे, वायरगार्डला (दोन्ही व्हीपीएनचेच प्रकार) नाहीये, ते सगळं प्रोसेसरवर पडतं. घरून ऑफिसच्या टॅलीला जोडायला वायरगार्ड आरामात पुरतं, पण दोन ब्रँचमध्ये रोज रात्री बॅकअप ढकलायचा असेल तर हे आधी बघून घ्या.

१०० ते ३०० ची लाईन, दहा-पंधरा डिव्हाइस, एखादं व्हीपीएन, एवढंच असेल तर हेक्स, एजराउटर एक्स, टीपी-लिंकचा ईआर६०५ यातलं काहीही चालेल, उगाच डोकं लावू नका. ज्याची सेटिंग स्क्रीन तुम्हाला समजते तो घ्या. मायक्रोटिकची स्क्रीन पहिल्यांदा उघडल्यावर रडू येतं हे मी मान्य करतो, पण होमलॅबसाठी (घरातली नेटवर्कची प्रयोगशाळा) शिकायचंच असेल तर त्याच्याइतकं शिकवणारं या किमतीत दुसरं काही नाही.

याच्या वर जायचं असेल तर लोक मिनी पीसीवर येतात, इंटेल एन१०० आणि चार अडीच गिगाबिटचे पोर्ट, त्यावर ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स, म्हणजे पीसीचा राउटर करणारं सॉफ्टवेअर. मस्त प्रकार आहे. फक्त नेटवर्क कार्ड इंटेलचं आहे का ते बघा, कारण हे दोन्ही फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात आणि तिथे रिअलटेकचं फारसं पटत नाही. आणि कपाटात पडलेला जुना डेस्कटॉप वापरू, फुकट पडेल, असं ज्यांना वाटतंय त्यांनी हिशोब करा: ६० वॅट चोवीस तास वर्षभर म्हणजे ५२५ युनिट, तेच ५ वॅटच्या छोट्या राउटरचे ४४. वरच्या स्लॅबमधलं घर असेल तर महावितरणच्या बिलात राउटरची किंमत निघते.

होमलॅबवाल्यांची अजून एक हौस, सगळं व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच वायरिंगवरच्या वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये, वाटून टाकायचं. कॅमेरे वेगळे, पाहुण्यांचं वायफाय वेगळं, इथपर्यंत ठीक, पण मग उत्साहात नास (नेटवर्कवर फाइल साठवायचा डबा) पण वेगळ्या व्हीलॅनमध्ये जातो, आणि पीसीवरून नासवर कॉपी करताना स्पीड निम्मा का झाला म्हणून शोधाशोध. एकाच व्हीलॅनमध्ये असताना ती फाइल स्विचमधून परस्पर जात होती, आता तिला राउटरचा प्रोसेसर ओलांडून जावं लागतं. ज्यांचं आपसात जास्त बोलणं आहे त्यांना एकत्र ठेवा. पोर्ट कमी पडतात म्हणून मोठा राउटर पण घेऊ नका, आठ पोर्टचा मॅनेज्ड स्विच त्याहून स्वस्तात पडतो.

आता ज्या भानगडीचे सगळ्यात जास्त फोन येतात ती. वायर्ड राउटरला वायफाय नसतं. हे वाचून हसू नका, घरी आणल्यावर अँटेना कुठंय विचारणारे भेटलेत मला. मग जुना वायफाय राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावतात आणि तिथे घोळ होतो. शरणपूर रोडला एका सीएच्या ऑफिसात जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे रिटर्नच्या ऐन गर्दीत, निम्म्या पीसींना प्रिंटर दिसेना आणि सर्व्हर पण गायब. सर फोनवर म्हणाले, "अहो, तुम्ही लावलेला राउटर गेला बहुतेक." गेलो तर निम्म्या मशीनवर आयपी १०.२० ने सुरू होणारा आणि उरलेल्यांवर १९२.१६८.०. आर्टिकलशिपच्या एका पोराने केबिनमध्ये रेंज येत नाही म्हणून घरचा जुना राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला लॅन पोर्टने जोडला होता. त्याचा डीएचसीपी चालूच. आता एका नेटवर्कवर दोघं आयपी वाटायला बसले, जो आधी उत्तर देईल त्याचा आयपी घ्यायचा, त्यामुळे रीस्टार्ट केलं की कधी चालायचं कधी नाही, आणि अशी मधूनच होणारी भानगड शोधायला सगळ्यात अवघड. जुना राउटर वापरायचा तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा आयपी बदलून तुमच्या रेंजमधला रिकामा द्या, आणि मग वायर लॅन पोर्टला लावा. वॅन पोर्टला (इंटरनेटकडच्या) लावलीत तर अजून एक नॅट तयार होतं आणि वायफायवरच्या लॅपटॉपला वायरवरचा प्रिंटर शोधून सापडत नाही.

डबल नॅट आणि सीजीनॅट यात पण लोक गल्लत करतात. नव्या राउटरचं स्टेटस उघडा, वॅन आयपी वाचा. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर तुमच्या आधी ओएनटीच राउटरचं काम करतोय, तो ब्रिज मोडला (म्हणजे राउटरचं काम सोडून नुसती लाईन पुढे देणारा) टाकायला प्रोव्हायडरला सांगा आणि पीपीपीओईचा युजर-पासवर्ड मागून घ्या, काही जण व्हीलॅन आयडी पण देतात तो विसरू नका, नाहीतर डायल होतच नाही. काही लोकल केबलवाले मॅक अॅड्रेस (राउटरचा ओळख क्रमांक) बांधून ठेवतात, राउटर बदलला की नेट बंद, त्यांना फोन करा किंवा जुना मॅक नव्यात क्लोन करा. आणि वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर तो सीजीनॅट, म्हणजे एक पब्लिक आयपी कित्येक घरांत वाटलेला, तिथे तुम्ही कितीही भारी राउटर आणा, पोर्ट फॉरवर्डिंग होणार नाही. स्टॅटिक आयपी विकत घ्या, किंवा आयपीव्ही६ मिळतंय का बघा, किंवा टेलस्केलसारखं पोर्ट न उघडता जोडणारं व्हीपीएन वापरा. कॅमेऱ्याचा पोर्ट उघडत नाही म्हणून सहा महिन्यांत दोन राउटर बदललेले एक काका मला इंदिरानगरात भेटले, पहिल्या राउटरमध्ये काही खोट नव्हती आणि दुसऱ्यात पण नाही.

काही साइट उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात असं होत असेल तर एमटीयू (एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट मावतात) बघा. पीपीपीओईचे ८ बाइट जातात म्हणून १५०० चे १४९२ उरतात. राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग नावाचा पर्याय असतो, तो चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

दोन लाईनवाल्या ऑफिसांसाठी थोडं सविस्तर, कारण सिंहस्थ २०२७ ला आहे आणि त्याच्या आधी शहरात रस्ते कुठे खोदलेले असतील याचा नेम नाही, त्यामुळे सातपूर-अंबडकडचे बरेच जण आता दुसरी लाईन घ्यायला लागलेत. दुसरी लाईन घेताना ती त्याच खांबावरून येत नाही ना ते बघा, नाहीतर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातात. दुसरं, दोन १०० च्या लाईनी जोडल्या की २०० चं डाऊनलोड मिळेल असं नाही. लोड बॅलन्सिंगमध्ये एक कनेक्शन एकाच लाईनवरून जातं, बेरीज दिसते ती दहा जण एकदम काम करत असताना. उलट बँकेच्या साइटवर मधेच आयपी बदलला की सेशन तुटून लॉगआउट, पगाराच्या दिवशी अकाउंट्सच्या ताई तुमच्या नावाने बोटं मोडणार. छोट्या ऑफिसला साधं फेलओव्हर पुरे, एक चालू, दुसरी राखीव.

पण ते फेलओव्हर चालतंय का हे लावल्याच दिवशी तपासा, आणि तपासायला राउटरची वायर उपटू नका, ओएनटीची फायबर काढा. फरक मोठा आहे. बाहेर फायबर तुटली तरी ओएनटी चालूच असतो, राउटरचा वॅन पोर्ट हिरवा दिसतो. लाईन पीपीपीओईवर असेल तर सेशन थोड्या वेळात पडतं आणि राउटरला कळतं, पण ओएनटीच राउटर असेल तर समोरचा गेटवे पिंगला पण उत्तर देतो, मग राउटरच्या मते सगळं झकास आणि ऑफिसात नेट बंद. चेक करायचा पत्ता म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असं बाहेरचं काहीतरी द्या.

उन्हाळ्याचं पण बोलायला हवं. नाशिकची थंड हवा वगैरे ठीक आहे, पण एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो आणि बऱ्याच राउटरच्या स्पेकमध्ये चालायचं तापमान ० ते ४० डिग्रीच लिहिलेलं असतं. पत्र्याच्या शेडमधली केबिन, टीव्हीच्या मागचं बंद कपाट, माळ्यावरची खोकी, इथे दुपारी किती होत असेल विचार करा. दुपारी दोन ते पाच नेट अडखळतं आणि रात्री आपोआप सुधारतं, अशी तक्रार असेल तर सेटिंग बघायच्या आधी राउटरला हात लावून बघा. लाईट जाते म्हणून १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावत असाल तर अॅडॉप्टरवरचा आकडा वाचून लावा. एजराउटर एक्स १२ व्होल्टचाच आहे, हेक्सच्या आरबी७५०जीआर३ ला ८ ते ३० पर्यंत काहीही चालतं, पण काही राउटर ९ व्होल्टचे असतात आणि पिन तीच बसते. ओएनटीला पण यूपीएस द्या, नुसता राउटर जागा राहून उपयोग काय.

सेकंडहँड घेताना खालचं स्टिकर बघा, एकाच नावाचे व्ही१, व्ही२ असतात आणि फर्मवेअर वेगवेगळं लागतं. घेतल्यावर आधी रीसेट, मग फर्मवेअर, मग लाईन जोडायची. लॉगिनचं पान वॅनकडून कधीच उघडं ठेवू नका. २०१८ मध्ये विनबॉक्स या सेटिंग करायच्या अॅपशी संबंधित खोटीचा पॅच मायक्रोटिकने एप्रिलमध्येच दिला होता, तरी अपडेट न केलेले राउटर पुढे कित्येक महिने हॅक होत राहिले. डीएनएस रिक्वेस्ट बाहेरून स्वीकारायची सोय पण बंद आहे ना ते बघा, नाहीतर तुमचा राउटर दुसऱ्यांवर हल्ला करायला वापरला जातो आणि तुम्हाला फक्त नेट स्लो झालेलं दिसतं.

आणि लॅनची रेंज १९२.१६८.१ ठेवू नका. घरी तीच, ऑफिसात तीच, मग व्हीपीएन जोडलं की १९२.१६८.१.१० म्हणजे ऑफिसचा सर्व्हर की घरचा टीव्ही हे लॅपटॉपला कळत नाही. पहिल्याच दिवशी १०.२०.३० सारखं काहीतरी ठेवा, नंतर बदलायचं म्हणजे प्रत्येक प्रिंटर, प्रत्येक कॅमेरा हाताने फिरवावा लागतो.

सगळं लावून झालं की कॉन्फिगचा बॅकअप काढा आणि पेनड्राइव्हवर किंवा मोबाईलमध्ये ठेवा. मी माझा नासवर ठेवला होता, त्याच राउटरच्या मागे, वेगळ्या व्हीलॅनमध्ये.